दोन्हीकडचा गडी

शुक्रवार पेठेतल्या गल्ल्या क्रिकेटसाठी बांधलेल्या नाहीत. ज्यांनी त्या आखल्या त्यांच्या डोळ्यांसमोर बैलगाडी असावी, फार तर टांगा. पण सोलापूरचं ऊन कलायला लागलं, ओट्यांवरच्या सावल्या लांबल्या, की याच बोळांत विटा उभ्या राहतात आणि गल्लीचं मैदान होतं. रुंदी इतकी बेताची, की कव्हर ड्राइव्ह नावाचा फटका इथल्या पोरांना जन्मात येत नाही. सगळे सरळ मारतात. नियम माणसांनी कमी आणि भिंतींनी जास्त ठरवलेले. दाराला थेट लागला तर आउट, एका टप्प्यावर एका हाताने झेलला तरी आउट, गटारात गेला तर दोन रन, आणि ज्याने मारला त्यानेच तो काढून आणायचा. या शेवटच्या कलमाने आमच्या पेठेतल्या कितीतरी आक्रमक फलंदाजांना कोवळ्या वयातच विचारवंत करून टाकलं.

या सगळ्या घटनेतलं एक कलम मात्र मला फार देखणं वाटत आलं आहे. संध्याकाळी जमणारी पोरं सम संख्येतच जमतील याचा भरवसा नसतो. कुणाची शिकवणी असते, कुणाला गिरणीतून दळण आणायचं असतं. मग पाच-पाचचे दोन संघ पडून एक जण उरतो. त्या उरलेल्याला घरी पाठवणं गल्लीच्या स्वभावात बसत नाही. तो 'कॉमन' होतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी बॅटिंग करतो. आधी एका संघासाठी धावा जमवतो आणि घाम पुसून लगेच दुसऱ्या संघाकडून त्याच धावांचा पाठलाग करतो. यात काही विपरीत घडतंय असं त्याला वाटत नाही, दोन्ही कर्णधारांनाही वाटत नाही. भारताचा नागरिकत्वाचा कायदा एका माणसाला दोन देश ठेवू देत नाही. तो पेच शुक्रवार पेठेने विटांच्या स्टंपांपुढे केव्हाच सोडवून टाकला आहे. अडचण एकच. कॉमनच्या हातून झेल सुटला, की साऱ्या गल्लीची नजर बदलते. ''मुद्दाम सोडलास की बे!'' आणि तो बिचारा गळ्याला चिमटा लावून शपथा घेत राहतो.

ही सगळी घटनासमिती मला आठवली ती १२ जून २०२४ च्या रात्री. समोरच्या अण्णांच्या बाहेरच्या खोलीत टीव्ही लागला होता. अण्णांचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, त्यामुळे त्यांच्या घरी टीव्हीचा आवाज मागावरच्या माणसाला ऐकू जाईल इतका असतो. टी-ट्वेंटी विश्वचषकात भारताची गाठ अमेरिकेशी होती, न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ काउंटीत. अमेरिकेने कशाबशा ११० धावा केल्या होत्या आणि खोलीतल्या मंडळींनी शेंगाचटणीला भाकरी लावावी इतक्या सहजपणे सामना खिशात घातला होता. तेवढ्यात एका उंच, सडपातळ, डावखुऱ्या गोलंदाजाने विराट कोहलीला त्याच्या पहिल्याच चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल द्यायला लावला. खोलीत सन्नाटा. त्याच्या पुढच्या षटकात रोहित शर्मा गेला. पडद्यावर अक्षरं उमटली: शर्मा, झेल हरमीत, गोलंदाज नेत्रावळकर. फलंदाज मुंबईचा, झेल घेणारा मुंबईत घडलेला, गोलंदाज मुंबईचा. ही ओळ वाचून कुणाला न्यूयॉर्क आठवणार? ती मुंबईच्या भर पावसातल्या कांगा लीगमधली वाटत होती. फक्त चिखल तेवढा कमी होता.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांची मातृभाषा तेलुगू, बाजारातली भाषा कन्नड आणि गल्लीतली मराठी. पण मनापासूनची अडचण सांगायची झाली की ते मराठीतच सांगतात. ''मालक, नेत्रावळकर म्हणजे आपलाच की. मग टाळी वाजवलं तर चालतंय का?'' खोलीतल्या एकाही माणसाला उत्तर सुचलं नाही. रोहितसाठी हळहळावं तर आडनाव कोकणातल्या नारळासारखं समोर टांगलेलं. टाळी वाजवावी तर पोरं म्हणतील म्हातारा फितूर झाला. शेवटी अण्णांनी एक अत्यंत सोलापुरी तोडगा काढला. त्यांनी मांडीवर हळूच चापट मारली. टाळी म्हणावी तर एकाच हाताची, आणि डास मारला म्हणावं तर तेही खरं.

तेव्हापासून हा सौरभ नेत्रावळकर माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. १९९१ चा जन्म, मुंबईत वाढलेला. २०१० साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या १९ वर्षांखालच्यांच्या विश्वचषकात तो भारताकडून खेळला. त्याच संघात के. एल. राहुल होता, मयंक अगरवाल होता, जयदेव उनाडकट होता. उपांत्यपूर्व फेरीत पाकिस्तानने त्यांना हरवलं आणि त्या पाकिस्तानी संघात बाबर आझम नावाचा एक पोरगा होता. मग नेत्रावळकर सरदार पटेल इन्स्टिट्यूटमधून संगणक अभियंता झाला, २०१३ मध्ये मुंबईकडून रणजीत उतरला, आणि पुढे त्याचं तेच झालं जे मुंबईत शेकडो गुणी पोरांचं होतं. संघाचं दार बंद होत नाही, नुसतं लोटलेलं राहतं. माणूस उंबरठ्यावर उभा राहून आतल्या गप्पा ऐकत राहतो. २०१५ साली तो पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात निघून गेला.

इथे मला या गोष्टीतली सगळ्यात गोड विसंगती दिसते. आपण म्हणतो, क्रिकेटसाठी देश सोडला. या मुलाने खरं तर क्रिकेट सोडण्यासाठी देश सोडला होता. मराठी घरात एक विशिष्ट क्षण येतो, तो घरोघरी ओळखीचा आहे. वडील वर्तमानपत्राची घडी करतात, आई ताटात अजून एक पोळी वाढते, आणि कुणीतरी हलक्या आवाजात म्हणतं, की आता शिक्षणाकडे बघायला हवं. त्या वाक्यात रागही नसतो आणि जबरदस्तीही. म्हणूनच त्याला उत्तर नसतं. नेत्रावळकरच्या घरी काय झालं ते त्यांचं त्यांना माहीत, पण निकाल तोच लागला. मुलगा क्रिकेट सोडून जगाच्या अशा टोकाला गेला जिथे क्रिकेट म्हणजे किडा, जिथे चेंडूफळी म्हटलं की लोक बेसबॉल समजतात. आणि तिथे, आपण चुकवून आलेला सावकार पुढच्याच वळणावर हसत उभा असावा तसं, क्रिकेट त्याची वाट बघत होतं. विद्यापीठात टेनिस बॉलवर खेळणारी पोरं होती. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत ओरॅकल कंपनीत नोकरी लागल्यावर शनिवार-रविवारी गाडी काढून तो लॉस एंजेलिसला जाऊ लागला, कारण गवताची धड खेळपट्टी तिथे होती. जाऊन-येऊन हे अंतर सोलापूर-मुंबईच्या एका फेरीपेक्षा बरंच जास्त भरतं. आमच्याकडे इतक्या लांब माणूस लग्नाला गेला तरी वर्षभर सांगतो.

अमेरिकेच्या संघात शिरायला आधी तिथे नुसतं राहावं लागतं. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा नियम तीन वर्षांच्या वास्तव्याचा आहे, आणि त्या प्रत्येक वर्षातले दहा महिने त्या देशात काढायचे. या नियमात मला एक करुण विनोद दिसतो. गोलंदाजाची धाव मोजता येते, वेग मोजता येतो. इथे त्याचं घरी असणं मोजतात. वाणसामान भरलं, बर्फ उपसला, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नाव पाठ झालं, की कुठेतरी एक गुण जमा होतो. दिल्लीच्या उन्मुक्त चंदने हे सगळं केलं. २०१२ साली भारताला १९ वर्षांखालच्यांचा विश्वचषक मिळवून देणारा हा कर्णधार. अंतिम सामन्यात नाबाद शतक ठोकणारा. २०२१ मध्ये भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर करून तो अमेरिकेला गेला, दिवस मोजत राहिला, आणि २०२४ च्या विश्वचषकासाठी संघ निवडला गेला तेव्हा त्याचं नाव त्यात नव्हतं. देश बदलला तरी निवडसमिती बदलत नाही, हे ज्याने अनुभवलं असेल त्याला मी लांबूनच नमस्कार करतो.

ज्या संघात नेत्रावळकर होता तो संघही पाहण्यासारखा. कर्णधार मोनांक पटेल गुजरातेतल्या आणंदचा, यष्टिरक्षक दक्षिण आफ्रिकेचा, एक वेगवान गोलंदाज पाकिस्तानातल्या अटकचा, कोरी अँडरसन न्यूझीलंडकडून खेळून आलेला, ॲरन जोन्स न्यूयॉर्कमध्ये जन्मून बार्बाडोसला वाढलेला. एवढंच काय, नासाऊची खेळपट्टीसुद्धा स्थलांतरित! ॲडलेडच्या माणसाच्या देखरेखीखाली ती ट्रेमध्ये फ्लोरिडाला वाढवली आणि ट्रकांवर घालून न्यूयॉर्कला आणली. मैदानही तात्पुरतं, भारत-अमेरिका हा तिथला शेवटचा सामना, त्यानंतर खांब-खुर्च्या उतरवून मंडळी मोकळी. गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे उतरवतात तसे. ज्या देशाचा संघ, मैदान आणि गवत असं तिन्ही बाहेरून आलेलं, तिथे आमचा एक पोरगा बाहेरचा कसा ठरावा, हा प्रश्न मी अण्णांना विचारला. ते म्हणाले, ''सोलापूरला येऊन हे विचारताय व्हय?''

खरंच होतं ते. हे गावच मुळी आलेल्यांचं. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली, तीच पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली, आसपासच्या दुष्काळी खेड्यांतून आली. त्यांनी बरोबर आणलेल्या भाषा इथल्या चादरीत उभ्या-आडव्या धाग्यांसारख्या अशा गुंतल्या, की आता कोणता धागा कुठून आला हे सांगायला चादरच उसवावी लागेल. अण्णांच्या आजोबांनी करीमनगरकडून येताना कुणाची परवानगी घेतली नव्हती, आणि सोलापूरने त्यांना तीन वर्षं दहा-दहा महिने राहून दाखवा असंही म्हटलं नव्हतं. तरी अण्णांना नेत्रावळकरची पंचाईत पडतेच. आलेल्या माणसाला गेलेल्या माणसाचं कोडं का पडावं? बहुधा म्हणूनच पडतं.

आणि गेलेलेही इथे काही कमी नाहीत. पॉली उम्रीगर याच सोलापुरात जन्मले, १९२६ साली. पुढे मुंबईला गेले, ५९ कसोटी खेळले, भारताचे कर्णधार झाले. भारताकडून कसोटीतलं पहिलं द्विशतक त्यांचं, १९५५ सालचं, हैदराबादेत न्यूझीलंडविरुद्ध. ते मुंबईकडून खेळले म्हणून सोलापूरने कधी हुंदका दिला नाही. पण माझ्या मनात जास्त रेंगाळते ती किरण नवगिरे. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची ही मुलगी. आधी भालाफेक, गोळाफेक असल्या खेळांत रमलेली. क्रिकेटकडे उशिरा वळली. महाराष्ट्राच्या संघात जम बसेना, तेव्हा ती नागालँडकडून खेळायला गेली. मिरे ते नागालँड हे अंतर आपण नकाशावर बोटाने मोजतो. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पोरीला ते किती वाटलं असेल? देश तोच, पासपोर्ट लागत नाही, पण डोंगर वेगळे, पाऊस वेगळा, ड्रेसिंग रूममध्ये उडणाऱ्या हशाची भाषा वेगळी. एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिने ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. टी-ट्वेंटीच्या एका डावात दीडशेपार जाणारी ती पहिली भारतीय. पुरुषांतसुद्धा तोवर कुणी गेलं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरात ती भारताकडून इंग्लंडमध्ये खेळली. तिच्या बॅटवर धोनीच्या नावाची अक्षरं हाताने लिहिलेली असत, शाळेच्या बाकावर लिहावीत तशी. पुढे ती महाराष्ट्राकडे परतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात नागपूरला पंजाबविरुद्ध तिने ३४ चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-ट्वेंटीत इतक्या झपाट्याने जगात कुणी शतक केलेलं नव्हतं. माळशिरसहून नागपूरला यायला तिला नागालँडवरून वळसा घालावा लागला, इतकंच.

हे सगळं अण्णांना सांगत बसलो की ते शांतपणे ऐकतात आणि मग एकच शंका काढतात. ''नागालँडचं ठीक आहे हो. पण दुसऱ्या देशाकडून, आपल्याच विरुद्ध?'' या शंकेत दम आहे. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणून मी त्यांना एकदा रणजीची गोष्ट सांगितली. आपल्याकडे प्रत्येक पोराने ज्या करंडकासाठी घाम गाळायचा त्या करंडकाला ज्यांचं नाव आहे ते रणजितसिंहजी आयुष्यात भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. खेळले ते इंग्लंडकडून, पंधरा कसोटी. १८९६ साली पदार्पणातच नाबाद १५४. तेव्हा भारताचा कसोटी संघच नव्हता, त्याला ते तरी काय करणार? त्यांचे पुतणे दुलीपसिंहजी, तेही इंग्लंडचे, आणि दुसरा करंडक त्यांच्या नावाचा. थोरले नवाब पतौडी इंग्लंडकडून सिडनीला पदार्पणात शतक ठोकून आले आणि १९४६ मध्ये भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले. म्हणजे भारतीय क्रिकेटचा देव्हारा उघडून पाहिला तर आतले निम्मे देव 'कॉमन' निघतात. नेत्रावळकर रणजी खेळून अमेरिकेला गेला, यात बिघडलं काय? परंपरेला धरूनच वागला तो.

काहींचा तर देशच त्यांना सोडून गेला. १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्याला रणजीच्या अंतिम सामन्यात सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी गुल महंमदबरोबर होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. दोघं किती वेळ एकमेकांकडे धावत गेले असतील, मध्यावर किती वेळा एकमेकांना ओलांडलं असेल. काही महिन्यांत रेषा आखली गेली. गुल महंमद भारताकडून आठ कसोटी खेळला आणि १९५६ मध्ये एक पाकिस्तानकडून. बडोद्याचाच अमीर इलाही दोन्हीकडून खेळला, अब्दुल हफीज कारदार दोन्हीकडून खेळला. ही माणसं कुठल्या अर्जावर सही करून गेली नव्हती. पण धावफलकावर त्यांच्या नावापुढे दोन देश लागले ते लागलेच. यात हसण्यासारखं काही नाही, म्हणून मी अण्णांना हे सांगताना चहा मागवला.

चहाबरोबर मग सचिनची गोष्ट आली. ती ऐकून अण्णा कपाळाला हात लावतात आणि पुन्हा पुन्हा ऐकतात. जानेवारी १९८७, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, भारत आणि पाकिस्तान यांच्यात प्रदर्शनी सामना. पाकिस्तानचे काही खेळाडू जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेलेले, मैदानात माणसं कमी पडली, आणि बदली क्षेत्ररक्षक म्हणून तेरा वर्षांचा एक मुलगा पाकिस्तानसाठी उतरला. साहित्य सहवासातला सचिन रमेश तेंडुलकर! कपिल देवने उंच मारलेल्या एका चेंडूमागे तो जीव तोडून धावला, पण चेंडूपर्यंत पोचला नाही. भारतासाठी चोवीस वर्षं खेळलेल्या या माणसाची मोठ्या मैदानावरची पहिली धाव पाकिस्तानच्या बाजूने होती. माणसं कमी पडली, उरलेल्याला घेतलं. शुक्रवार पेठेत दुसरं काय होतं?

तर त्या जूनकडे परत. भारताच्या सामन्याआधी सहा दिवस, ६ जूनला, डॅलसमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला बरोबरीत रोखलं आणि सामना सुपर ओव्हरमध्ये गेला. अमेरिकेच्या अठरा धावा झाल्या होत्या. चेंडू नेत्रावळकरच्या हाती दिला गेला आणि त्याने तेराच होऊ दिल्या. पाकिस्तानचा कर्णधार बाबर आझम. चौदा वर्षांपूर्वी न्यूझीलंडमध्ये राहिलेला हिशेब टेक्ससमध्ये चुकता झाला, आणि तोही तिसऱ्याच देशाच्या खात्यावर. त्या रात्री अण्णांना काही पेच पडला नव्हता. पाकिस्तान हरलं, हरवणारा मराठी; सोलापुरात मध्यरात्र उलटून गेली तरी ते ओट्यावर येऊन येणाऱ्या-जाणाऱ्या कुत्र्यांनाही बातमी देत होते. आपलेपणाची ही सोय फार छान असते. समोर पाकिस्तान असलं की नेत्रावळकर आपला, समोर भारत आला की चष्मा पुसायचा.

मग ती रजेची गंमत बाहेर आली. हा माणूस ओरॅकलमध्ये अभियंता, सामना संपला की हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप उघडून कामाला बसणारा. कचेरीतल्या संदेशांच्या यंत्रणेत त्याच्या नावापुढे लिहिलेलं कुणीतरी टिपलं आणि जगभर फिरवलं: १७ जूनपर्यंत रजेवर. माझ्या मते अमेरिकन संघाच्या आत्मविश्वासाचं इतकं प्रांजळ मोजमाप दुसरं नाही. साखळीतले सामने संपायचे, आपण घरी यायचं, सोमवारी कामावर रुजू. इतका साधा हिशेब फक्त नोकरदार माणूस करू शकतो. मुलीच्या लग्नाची रजासुद्धा आम्ही पाठवणीच्या दुसऱ्या दिवसापर्यंतचीच टाकतो. पण १४ जूनला फ्लोरिडात पाऊस पडला, आयर्लंडविरुद्धचा सामना वाहून गेला आणि अमेरिका पहिल्या आठांत पोचली. १९ जूनला अँटिग्वाला दक्षिण आफ्रिकेशी सामना. म्हणजे रजा वाढवणं आलं! विश्वचषकाच्या इतिहासात वरिष्ठाकडे रजावाढीचा अर्ज घेऊन जाण्याइतका आनंदाचा प्रसंग किती गोलंदाजांवर आला असेल?

१२ तारखेच्या सामन्याचं एक सांगायचं राहिलं. भारत अडखळत होता, सूर्यकुमार यादव खेळपट्टीवर चाचपडत उभा होता, अर्धशतक अजून बरंच लांब होतं. त्याने एक चेंडू हवेत मारला आणि तो नेमका नेत्रावळकरकडे गेला. सोपा नव्हता, पण घेण्यासारखा होता. सुटला. सूर्यकुमार शेवटी नाबाद पन्नास करून सामना घेऊन गेला. टीव्हीवर पुन्हा पुन्हा तो झेल दाखवत होते. हात वर गेलेले, बोटं उघडलेली, आणि मग मुंबईत, अमेरिकेत, कुठेही झेल सोडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर येतो तोच अपराधी रंग. अण्णांच्या खोलीत बसलेल्या एका सातवीतल्या पोराने तात्काळ निदान केलं. ''कॉमन आहे की बे तो.'' सगळे हसले. मी मात्र त्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. त्या गर्दीत बहुसंख्य निळे शर्ट. त्याच्याच भाषेत ओरडणारे, त्याच्याच पराभवावर नाचणारे. विराट बाद झाला तेव्हा त्याच माणसांनी श्वास रोखला होता. एका संध्याकाळी इतकी माणसं आपली आणि इतकीच परकी होतात, तेव्हा डोळे कुठे लावायचे, हे कुणी शिकवत नाही.

अजाझ पटेललाही हे ठाऊक असणार. मुंबईत जन्मलेला, आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर त्याने भारताचे दहाच्या दहा बळी घेतले, ११९ धावांत. जन्मगावी येऊन एका डावात सगळा संघ बाद करायचा, आणि तरीही आपला संघ ३७२ धावांनी हरायचा! जाताना तो चेंडू मुंबईच्या क्रिकेट संघटनेच्या संग्रहासाठी देऊन गेला. पाहुणा म्हणून आलेला, घरचा म्हणून भेट ठेवून गेलेला.

अलीकडे अमेरिकेच्या संघात अजून एक मराठी नाव दिसू लागलं आहे. शुभम रांजणे. त्याचे आजोबा वसंत रांजणे पुण्याचे, भारताकडून सात कसोटी खेळलेले मध्यमगती गोलंदाज. आजोबांच्या काळी बोटीने परदेश दौऱ्यावर जायचं म्हणजे हार-तुरे आणि रडारड. नातू विमानात बसून परदेशाचाच होऊन खेळतो. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येतं आहे. याआधी ते एकदाच होतं, १९०० साली पॅरिसला. तेव्हा ग्रेट ब्रिटनने फ्रान्सला हरवलं होतं, आणि त्या फ्रान्सच्या संघात बहुतेक सगळे पॅरिसला नोकरी-धंद्यासाठी राहिलेले इंग्रजच होते.

अण्णांना हे सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ विचार केला. त्यांचा धाकटा नातू सध्या बंगळुरूला कंपनीत आहे. गल्लीत होता तेव्हा डावखुरा, चेंडू सुरेख आत आणायचा. आता शनिवार-रविवार झोपून काढतो म्हणे. अण्णा म्हणाले, ''अमेरिकेकडून खेळू दे, नाहीतर नेपाळकडून. खेळंना झालंय ना ते.''

तेव्हा तुमच्याही गल्लीतला एखादा असा पोरगा किंवा पोरगी सुट्टीला घरी आली, तर पगार, व्हिसा आणि कुणाच्या बाजूने हे सगळं सावकाश विचारा. आधी विचारा, अजून खेळतोस ना? नाही म्हणाला, तर संध्याकाळी पाचनंतर खाली पाठवून द्या. आमच्याकडे एक जण नेहमी कमीच असतो.